सारंगखेड्याची यात्रा : संध्याकाळ सोडून कधीही जा

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला, घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या दत्ताच्या यात्रेला, आम्ही एकाच आठवड्यात दोनदा गेलो. पहिल्यांदा रविवारी, जळगावहून दुपारी गाडी काढून. सहाला पोहोचलो. गाडी लावायला शेतात जागा मिळाली ती इतकी लांब की आप्पांना, म्हणजे माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांना, अर्ध्या वाटेत चहाच्या टपरीवर बसवावं लागलं. पुढचे तीन तास पाळणे खालून बघितले, मौतच्या कुव्याची फटफट बाहेरून ऐकली, तमाशाच्या कनातीवरचे बॅनर वाचले. घोड्यांच्या बाजारात तर अंधारात नुसता वास आला. परत टपरीवर आले तेव्हा आप्पा तिसरा चहा पीत होते. म्हणाले, "माय, आठे ते नुसता डोकाच दिसी राह्यनात."

टपरीवाला हसला. "सकायमा या ताई. घोडा तवयच फिरावतस."

सकाळी या, घोडे तेव्हाच फिरवतात : त्या एका वाक्यासाठी हा सगळा वृत्तांत लिहिते आहे. गेल्या दिवाळीत मुलाला घेऊन मुंबईकडच्या एका मोठ्या करमणूक-उद्यानात गेलो होतो. तिथे फाटकातच खेळांचं वेळापत्रक हातात देतात : अमुक वाजता परेड, तमुक वाजता जादूचा प्रयोग. त्यातले दोन प्रयोग त्या दिवशी झालेच नाहीत, ते सोडा. पण निदान कुठे कधी उभं राहायचं ते कळतं. यात्रेत वेळापत्रक नसतं, आणि तरी प्रत्येक खेळाची आपली एक वेळ असते. ती कुणी लिहून लावत नाही. संध्याकाळी सहा ते नऊ ही कुठल्याच खेळाची वेळ नाही, आणि नेमकं तेव्हाच सगळं खान्देश तिथे असतं.

म्हणून बुधवारी पुन्हा गेलो, मुक्कामाच्या तयारीने. मी, आप्पा, अकरा वर्षांचा मुलगा आणि माझी ननंद.

आधी जाण्याचं. यात्रा दत्तजयंतीची, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेची. तिथीप्रमाणे असल्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते : २०२४ मध्ये १४ डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. कॅलेंडर बघूनच रजा टाका. पौर्णिमेच्या दिवशी दर्शनाची गर्दी असते. तमाशे आणि पाळणे पुढेही बरेच दिवस चालतात, पण घोडे विकले जातील तसा बाजार पातळ होत जातो. आमच्या मते दत्तजयंतीनंतरचे चार-पाच दिवस, त्यातही रविवार सोडून, सगळ्यात बरे.

रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत–भुसावळ मार्गावर दोंडाईचाला उतरावं. तिथून एसटी आणि काळीपिवळी दोन्ही मिळतात. गाडीने येणाऱ्यांना दोन वाटा : अमळनेरकडून दोंडाईचा, नाहीतर चोपडा–शिरपूर–शहादा. दोंडाईचाकडून आलात तर तापीचा पूल ओलांडावा लागतो आणि यात्रेच्या दिवसांत गाड्या तिथेच तुंबतात. आम्ही दुसऱ्यांदा शहाद्यावरून गेलो आणि मुक्कामही शहाद्यालाच केला. लॉजचं आधी बोलून ठेवा आणि थोडे पैसे पाठवून पावती घ्या. आमच्या लॉजवाल्याने फोनवर एक भाव सांगितला आणि दारात दुसरा. आप्पांनी त्याला मुलगा कुठे शिकतो, शेती किती, असं विचारत विचारत पहिल्या भावावर आणलं. पण प्रत्येकाबरोबर आप्पा नसतात.

गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही घोड्यांच्या बाजारात होतो. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. शेकोट्यांभोवती घोंगड्या पांघरलेली माणसं, आणि रांगेने बांधलेले घोडे, त्यांच्या पाठीवरही झुली. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश, सगळीकडची बोली कानावर येत होती. मारवाडी आणि काठियावाडी घोडा ओळखायचा तो कानावरून. दोन्हींचे कान आत वळलेले असतात, मारवाडीचे तर टोकाला टोक लागेल इतके. पांढरा नि गुलाबी कातडीचा तो नुकरा. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी, आणि त्याचा भाव सांगताना मालकाचा आवाजच बदलतो. छातीवरचा, मानेवरचा केसांचा भोवरा बघणारे जाणकार वेगळेच. देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा भोवरा, आहे की नाही यावरून पाच मिनिटं वाद चालला होता, आणि घोडा शांतपणे कडबा खात होता.

आप्पांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले. एका घोड्यापुढे थांबून त्यांनी सवयीने खालचा ओठ खाली ओढला, मग वरचा उचलला आणि चमकले. बैलाला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच, घोड्याला असतात, हे त्यांना माहीत होतं पण हाताला माहीत नव्हतं. मालक जोधपूरकडचा. म्हणाला, "बाबूजी, ये बैल नहीं है." मग त्यानेच समजावून सांगितलं. घोड्याचे दुधाचे पुढचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांना जोडी-जोडीने पडतात, आणि पाचव्या वर्षी तोंड पुरं होतं. त्यापुढचं वय दातांच्या झिजेवरून. अर्धा तास ही शिकवणी चालली. घोडा घ्यायचा नाही हे दोघांनाही ठाऊक होतं.

सातनंतर ऊन आलं की घोडे फिरवायला काढतात. हाच यात्रेतला पहिला खेळ, आणि तिकीट नाही. रवाल चालीचा घोडा निघाला की स्वाराच्या हातात भरलेला चहाचा कप दिला तरी सांडणार नाही असं म्हणतात. कप कुणी दिला नाही, पण स्वाराच्या फेट्याचा तुरा हलत नव्हता हे मी बघितलं. थोड्या वेळाने हलगी-सनई वाजू लागली आणि नाचाचे घोडे आले. एकाने तर बाजेवर चढून चारही पाय त्या चौकटीत मावतील एवढ्या जागेत ठेका धरला. मुलगा ओरडलाच. मला मात्र नाचापेक्षा लगामाकडे बघत राहावं लागलं, कारण तोंडाला फेस आणि फेसात लाल दिसलं तर तो ठेका हौसेचा नाही. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांपासून बंदी आहे. बहुतेकांचे लगाम साधे होते. एकाचा नव्हता, तिथे आम्ही थांबलो नाही. तुम्हीही पैसे उधळू नका.

मुलं बरोबर असतील तर दोन गोष्टी. घोड्याच्या मागून जायचं नाही, अगदी दहा हात लांबूनही शक्यतो नाही. आणि फोटोसाठी घोड्याच्या तोंडाजवळ मोबाईल न्यायचा नाही. मालक ओरडतो, आणि त्याचं ओरडणं बरोबर असतं.

नऊ वाजता देवळात गेलो. सारंगखेड्याचा दत्त एकमुखी आहे. तीन तोंडांची तसबीर डोळ्यांत बसलेल्यांना क्षणभर चुकल्यासारखं होतं. मधल्या दिवशी रांग वीस मिनिटांची. मग शेवभाजी आणि भाकरी, तिखट इतकी की ननंद म्हणाली, नंदुरबारची मिरची नंदुरबारातच संपवतात वाटतं. खाण्याबद्दल एवढंच पुरे. गोडीशेव मात्र परततानाच घ्या, नाहीतर पिशवीतली यात्रेतच संपते.

दुपार झोपून काढली. चारला पुन्हा हजर, मौतच्या कुव्यासाठी.

कुवा लाकडी फळ्यांचा असतो. दर यात्रेला नटबोल्टांनी जोडायचा, उठताना सोडवून ट्रकवर टाकायचा. तळाशी उतरती फळी, वर जवळजवळ उभी भिंत. गाडी उतारावर वेग घेते, आणि एकदा वेग आला की चाक भिंतीवर इतकं दाबलं जातं की घर्षणच तिला खाली येऊ देत नाही. वेग कमी झाला की संपलं. मुलाला हे पाठ्यपुस्तकात पुढे कधीतरी येईल, त्याने ते गॅलरीच्या कठड्याला धरून शिकून घेतलं. दोन मोटारसायकली आणि एक मारुती. मोटारसायकलींपैकी एक यामाहा आरएक्स १००, जिचं १९९६ पासून कारखान्यातून निघणंच बंद झालं. स्वाराला नंतर विचारलं, एवढी जुनी का? म्हणाला, हलकी आहे आणि माझं ऐकते.

इथे वेळेची मेख सांगते. कुव्याला शोची वेळ नसते, गॅलरी भरली की शो. तोवर एक स्वार बाहेरच्या मंचावर उभ्या गाडीचं इंजिन फुरफुरवत राहतो, 'चालू झाला, चालू झाला' असा पुकारा होतो आणि लोक धावत तिकीट काढतात. काही चालू झालेलं नसतं. बाहेरचा स्वार गाडी बंद करून आत गेला की मग तिकीट काढा, पाच मिनिटांत खेळ सुरू होतो. आणि अंधार पडायच्या आत बघा. उजेडात स्वाराचा चेहरा दिसतो, गॅलरीही निम्मी रिकामी असते. रविवारी हीच गॅलरी गच्च भरलेली आणि हलताना मी खालून बघितली होती. शो सुरू असताना फळ्या हलतातच, त्यात घाबरण्यासारखं नाही, पण वर माणसावर माणूस असेल तर पुढच्या शोला थांबा. स्वार भिंतीवरून येताना प्रेक्षकांच्या हातातली नोट ओढून नेतात. नोट मोठ्या माणसाने धरावी, मुलाला वाकू देऊ नये.

पूर्वी अशा यात्रांना सर्कसही यायची. आप्पांनी वाघ आणि अस्वल तिथेच बघितलं होतं. १९९८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने वाघ, सिंह, अस्वल, बिबळ्या आणि माकड यांचे खेळ बंद झाले, आणि मग सर्कशीच्या तंबूत फारसं काही उरलं नाही. आप्पांना हळहळ वाटते, मला नाही. यावर आमचं एकमत होत नाही आणि होऊ घातलेलंही नाही.

पाळण्यात मी बसले नाही. रिंग फेकण्याच्या खेळात शंभर रुपये घालवून साबणाची एक वडी जिंकली. रिंग त्या वस्तूच्या ठोकळ्यापेक्षा केसभरच मोठी असते, खेळण्याआधी हातात घेऊन बघा. सुट्टे पैसे भरपूर न्या, गर्दीत मोबाईलचं नेटवर्क मान टाकतं.

आता तमाशा. ननंदेचा पहिला प्रश्न, बायकांनी जायचं का? जायचं. कनातीच्या तमाशात कुटुंबं बसतात. आमच्या शेजारी शहाद्याच्या तीन बायका डबा घेऊन बसल्या होत्या. गावच्या यात्रेत समिती सुपारी देऊन फड, म्हणजे तमाशाची मंडळी, आणते, तो खेळ फुकट आणि मैदानावर होतो. इथे फड स्वतःची कनात लावून तिकीट विकतात, म्हणून शिस्त जरा जास्त. पुढच्या खुर्च्यांचं तिकीट घेऊ नका. तिथे शिट्ट्यावाले बसतात आणि स्पीकरही कानाशी. मधल्या रांगेत, खांबाच्या आडोशाला न येता बसा. शाल, कानटोपी आणि खाली अंथरायला जाजम, हे तिकिटाइतकंच आवश्यक.

एक प्रश्न तिकीट काढतानाच विचारा : "वग लावणार का?" वग म्हणजे तमाशाच्या शेवटी होणारं गोष्टीचं नाटक. पूर्वी तमाशा उजाडेपर्यंत चालायचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर स्पीकर बंद करावे लागतात. वर्षातल्या मोजक्या दिवसांना बारापर्यंत सवलत मिळते. तेवढ्या वेळात गण (गणपतीचं स्तवन), गवळण (कृष्ण-गवळणींची थट्टा), बतावणी (विनोदी संवाद), रंगबाजी (गाणी आणि नाच) आणि वग बसवायचा म्हणजे काहीतरी कापावं लागतं. कापला जातो तो वग, कारण गर्दी गाण्यांना असते. आम्ही दोन कनातींवर विचारलं. एकीकडे "बघू, पब्लिक कसं आहे ते" असं उत्तर आलं, दुसरीकडच्या म्हाताऱ्या तिकीटवाल्याने मान वर करून आमच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "लावणार. बसा शेवटपर्यंत." तिथेच तिकीट काढलं.

गणाला ढोलकी आणि तुणतुणं, झांजेचा आवाज थंडीत लख्ख. गवळणीत मावशीने पेंद्याची अशी फिरकी घेतली की ननंद पदर तोंडात कोंबून हसत होती. मावशीच्या तोंडी त्या आठवड्यातले कापसाचे भाव होते, पीकविमा होता, आणि पुढच्या रांगेतल्या एका माणसाचा मफलरही. हे लिहिलेलं नसतं. बतावणी गावागणिक बदलते, म्हणून तर ती बघायची. मग सिनेमाच्या गाण्यांवर नाच, पाऊण तास. त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. नाचणाऱ्या मुली मेहनती होत्या, स्पीकर फाटके होते. गाणी संपली तसं निम्मं पब्लिक उठून चालू लागलं. धूळ, खुर्च्यांची आदळआपट, पोरांना हाका. आम्ही हललो नाही.

अकराच्या सुमारास वग सुरू झाला तेव्हा कनातीत शंभर-सव्वाशे माणसं राहिली असतील. सगळी पुढे सरकली. राजा, त्याचा लोभी प्रधान, दुष्काळ आणि एक शेतकरी, गोष्ट एवढीच. राजा झालेला माणूस पन्नाशीचा, आवाज बसलेला. पण दुष्काळात धान्याचं कोठार उघडायला नकार देताना त्याने माईकपासून एक पाऊल मागे घेतलं आणि तसाच, उघड्या आवाजात बोलला. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता, तो जागा झाला. पावणेबाराला वग अर्ध्यावर गुंडाळावा लागला, प्रधानाला शिक्षा एका वाक्यात झाली.

शुक्रवारी सकाळी निघण्याआधी त्याच टपरीवर चहाला थांबलो. शेजारी एक माणूस मफलर गुंडाळून उभा होता, डोळ्यांच्या कडेला काजळाची रेघ राहिलेली, हातात दुधाची पिशवी. टपरीवाल्याशी दोन रुपयांवरून घासाघीस चालली होती. आप्पांनी मला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "रातले हाऊच राजा व्हता ना?"

मग स्वतःच उठले, बाकावर त्याला जागा करून दिली आणि टपरीवाल्याला आणखी एक चहा सांगितला.