पहिलीला शिकवायला एवढं काय लागतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एसटीत, हळदीच्या मांडवात, बँकेच्या लाइनीत, सगळीकडे हाच प्रश्न, "मॅडम, पहिलीला शिकवायला एवढं काय लागतं हो? अ आ इ तर आम्हीबी शिकवू, वरून सुट्ट्या, पगार." विचारणारे वाईट नसतात, बऱ्याचदा आपलेच मामा-मावश्या असतात, म्हणून एकदा नीट सांगावंसं वाटलं.

आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेर तालुक्यात जूनमध्ये पोरगं शाळेत येतं ते घरची अहिराणी बोली घेऊन. गोठ्यातली कोणती गाय कधी विणार हे ते बरोब्बर सांगेल, पण पुस्तकातलं मराठी त्याला अर्धंच कळतं आणि मग ते गप्प बसतं. गप्प बसलेल्या पोराला काहीच शिकवता येत नाही. म्हणून सुरुवातीला मीच अहिराणीत बोलते, गोष्टी अहिराणीत, गाणी अहिराणीत, आणि हळूहळू त्यात मराठी येऊ देते. तिकडे धडगावकडे सातपुड्यात तर पोरं पावरी, भिली बोलतात, तिथल्या नवीन सरांना आधी स्वतःलाच ती भाषा शिकून घ्यावी लागते.

मग वाचन. "किती" लिहा आणि बघा, डोळ्याला आधी वेलांटी दिसते पण तोंडाने आधी क म्हणायचा. आपल्याला हे आता जाणवतही नाही, सहा वर्षांच्या पोराला ते रोज अडतं. र घ्या, "सूर्य", "चक्र", "ट्रक", "दुसऱ्या", चारही ठिकाणी र आहे आणि चारही ठिकाणी वेगळा दिसतो. कुणी घ-ध मध्ये अडकतं, कुणी भ-म मध्ये, कुणी पाठ करून वाचल्यासारखं दाखवतं आणि बोट भलत्याच ओळीवर असतं, त्यामुळे प्रत्येकाला जवळ बसवून एकेकट्याचं ऐकावं लागतं, आणि तेव्हाच त्याच खोलीत दुसरीचा वर्गही असतो, कारण साठपर्यंत पट असेल तर कायद्याने दोनच शिक्षक आणि वर्ग चार.

आणि एकदा वाचता आलं की ते कुणी शिकवलं हे कुणालाच आठवत नाही, पोराला स्वतःलाही नाही. आलं तर "पोरगं मूळचंच हुशार", नाही आलं तर "मॅडम शिकवत नाहीत". मला सगळ्यात जास्त हेच लागतं.

कापूस वेचणी सुरू झाली की वर्ग अर्धा होतो, काही घरं ऊसतोडीला गुजरातकडे जातात. पोरं परत येतात तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असतात, मग परत पहिल्यापासून. आईबापाला दोष कसा देऊ, हाताला काम तेव्हाच असतं.

सुट्ट्यांचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीसकट. शिवाय पोषण आहाराची रोजची नोंद, आधार, ऑनलाइन माहिती "आजच पाठवा". त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये, पण मतदार यादीचं बीएलओचं (बूथ लेव्हल ऑफिसरचं) काम निवडणुकीतच मोजतात आणि ते निवडणूक नसतानाही चालू असतं.

पगार, हो, कायम झाल्यावर चांगला आहे, मी लपवत नाही. पण त्याआधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची, प्राथमिकला ते ६ हजार होतं, २०२३ मध्ये १६ हजार झालं. त्या ६ हजारात घरभाडं भरून परगावी राहिलेली कितीतरी पोरं-पोरी आज शिकवताहेत.

साने गुरुजींनी आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० शिकवलं. त्याचा अभिमान सगळ्यांना आहे, मलाही आहे, जयंतीला हार घालतो आपण. पण त्याच अमळनेरात बारावीला चांगले मार्क पडलेल्या पोरीने डीएड, म्हणजे शिक्षिका व्हायचा कोर्स, करते म्हटलं की घरचेच म्हणतात, मग एवढं शिकून काय उपयोग? हे ऐकून खरंच वाईट वाटतं हो.

तर एवढं लागतं पहिलीला. आणि विश्वास नसेल तर या. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालकच असतात, मीटिंगला नेहमी तीच चार माणसं येतात. दिवाळीआधी या, वेचणी लागायच्या आत, आणि मीटिंगनंतर थोडं थांबून तुमच्याच पोराचं वाचन ऐका.