उकडीचे मोदक, पांढरा कागद

"हे कालचे वाटतात गं," मोबाईलच्या स्क्रीनवरचा तिच्या मोदकांचा फोटो बघत वहिनी म्हणाली. मोदक नुकतेच मोदकपात्रातून काढले होते, वाफसुद्धा जिरली नव्हती.

तिचा उतरलेला चेहरा मनातून जात नाहीये.

ऑर्डर घेणाऱ्या ॲपला पार्श्वभूमी पांढरीच लागते. पांढऱ्यावर पांढरं ठेवलं की कॅमेरा सगळं राखाडीकडे ओढतो. त्याचं उजेडाचं मोजमापच मधली राखाडी धरून बांधलेलं असतं. मग तांदळाची पारी सिमेंटसारखी दिसते. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवलं, म्हणजे कॅमेऱ्याला जास्त उजेड घ्यायला लावला, की पांढरा परत येतो, पण कडा कागदात विरतात.

शेवटी उजेड फक्त बाजूच्या खिडकीतून घेतला आणि खिडकीच्या समोरच्या अंगाला, फोटोच्या चौकटीच्या जरा बाहेर, काळा कार्डपेपर उभा केला. तिकडची कड गडद झाली, एकेक कळी सुटी दिसू लागली. वहिनी म्हणाली, "हां, आता माझे."

घरी रांधून विकणाऱ्या किती बायकांचं ताजं अन्न असं शिळं दिसत असेल! केळीच्या हिरव्या पानावर तोच मोदक लगेच उठून दिसतो. तो फोटो का चालू नये?