भ्या वाटत नाही काय वो?

"वैनी, वेंगुर्ला रोडला सायकल घालायला भ्या वाटत नाही काय वो?" उचगाव फाट्यावर, पिठाच्या गिरणीत, बेळगावात टिळकवाडीच्या ऑफिसच्या पायऱ्यांवर, हा प्रश्न कुठंही गाठतो. विचारणारी माणसं उत्तराला थांबतातच असं नाही. स्वतःच सल्ला देऊन मोकळी होतात, "खरं कडेकडेनं जावा हां."

वाटते की. पण मला सगळ्यात जास्त भीती त्या कडेचीच वाटते.

डांबर संपतं तिथं रस्ता वीतभर खाली उतरलेला असतो. खडी, फुटकी बाटली, पाणी भरलेला खड्डा, सगळं तिथंच. कडेला चिकटून जाणारा माणूस खड्डा आला की एकदम उजवीकडं येतो, आणि मागच्या ड्रायव्हरला ते आधी कळायला काहीच मार्ग नसतो. शिवाय तुम्ही कडेला गेलात की मागच्याला वाटतं, समोरची गाडी, मी आणि ही सायकल, तिघंही मावतो. मग तो वेग कमी न करता कोपराला घासून जातो. मी दोन-अडीच फूट आत चालवते, एका सरळ रेषेत. मला ओलांडायचं तर त्याला थोडं बाहेर यावं लागतं किंवा क्षणभर मागं थांबावं लागतं. हॉर्न बसतात, बसू देत. हॉर्न मारला म्हणजे त्यानं मला बघितलं. मात्र समोरूनही मोठी गाडी येतेय आणि मागचा थांबायच्या बेतात दिसत नाही, तेव्हा मी सरळ खाली उतरते. त्यात कसला आलाय कमीपणा!

खड्डा लांबून दिसला की मान वळवून मागं बघायचं, उजवा हात खांद्याच्या उंचीला सरळ धरायचा, मगच सरकायचं. आमच्या रस्त्यावर बेळगावची केए-२२ असते, कोल्हापूरची एमएच-०९ असते, गोव्याच्या गाड्या असतात. कोण कन्नड बोलतो, कोण मराठी, कोण कोकणी. हात सगळ्यांना कळतो.

ऊसाचा सीझन सुरू झाला की हिशोब बदलतो. दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळा लागेपर्यंत डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर. ट्रॅक्टर शेजारून गेला म्हणजे गेला असं धरू नका. मागं दोन ट्रॉल्या यायच्या असतात, त्यातली शेवटची डुलत येते आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो. ड्रायव्हरनं गाणी एवढी मोठ्यानं लावलेली असतात की तुमची घंटी त्याच्यापर्यंत पोचणं शक्य नाही. इंजिनाचा आवाज पुढं गेला तरी मी शेवटची ट्रॉली जाईपर्यंत हँडल हलवत नाही. सांडलेला ऊस चाकाखाली चेचून रस्ता चिकट-निसरडा होतो, तिथं ब्रेक दाबायचा नाही. आणि अंधारात? काही ट्रॉल्यांना मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, पंक्चर झाली की आहे तिथंच उभ्या. मागच्यांना कळावं म्हणून भोवती दगड लावतात, पंक्चर काढून निघून जातात आणि दगड तिथंच राहतात. पुढच्या दिव्याशिवाय तो दगड दिसत नाही. म्हणून पुढं पांढरा दिवा, मागं लाल, आणि मागचा मी दिवसाही चालू ठेवते.

दिवसा कशाला, असं विचारतात. मी सकाळी शहराकडं निघते तेव्हा सूर्य समोर, संध्याकाळी परतते तेव्हाही समोर. म्हणजे दोन्ही वेळेला माझ्या मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन. ताशी ६० च्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर येते. त्यानं मला बघून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. त्याला मी जितक्या लांबून दिसेन तितकं माझंच भलं.

पावसाळ्यात रेनकोटच्या टोपीची कटकट. मान वळते, टोपी वळत नाही, मागं बघायला जावं तर डोळ्यांसमोर प्लॅस्टिक. मी टोपी काढून हेल्मेटच घालते. रिम ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, तो आधीपासून हलका हलका दाबत राहायचा. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरनं सोडलेला तांबडा चिखल आणि टिळकवाडीच्या रेल्वे गेटातले ओले रूळ, दोन्हीकडं सरळ जायचं. रूळ काटकोनातच ओलांडायचा, तिरपं गेलं की चाक खाचेत बसलंच.

हेल्मेटचं म्हणाल तर सायकलला कायद्यानं सक्ती नाही. मी घालते, कारण पडल्यावर डोकं वाचू शकतं. ट्रॉलीपासून ते वाचवेल अशा भ्रमात मात्र मी नाही. त्यापेक्षा बायकांनी ओढणी आणि पदर खोचला की नाही हे आधी बघावं, आणि पिशवी हँडलला न लटकवता मागं कॅरियरला बांधावी. चाकात ओढणी गेली तर ट्रक लागतच नाही पडायला.

हल्ली आया वेगळं विचारतात, "पोरीला सायकलनं हायस्कूलला पाठवू काय?" कर्नाटक सरकार आठवीच्या मुलांना सायकली द्यायचं तेव्हा आमच्याकडं सकाळी पोरींच्या रांगाच्या रांगा दिसायच्या, म्हणून मी "पाठवा" म्हणते. मुख्य रस्ता टाळून गावातून वाट असेल तर तीच धरा, पाच मिनिटं जास्त लागू देत. दोघी-तिघींनी गप्पा मारत शेजारी शेजारी न चालवता एकीमागं एक चालवायची. पहिले काही दिवस तुम्ही मागून, थोडं तिच्या उजवीकडून चला. कानात इअरफोन नको. आणि पोर वाढतेय म्हणून मोठी सायकल घेऊ नका. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि तिची बोटं ब्रेकपर्यंत पोचली पाहिजेत. दुकानदार म्हणेल, दोन वर्षांत बरोबर होईल. तिला सोमवारी जायचंय.