बोटभर केस : माझी कादंबरी कशी उभी राहिली

आजीच्या माहेरी एक आत्या होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य आणि पुढचा सगळा जन्म लाल आलवणात. आजीला तिचं एकच नीट आठवायचं. दर पंधरवड्याला मागच्या पडवीत न्हावी यायचा, तेव्हा पोरांना अंगणात पिटाळायचे, आणि त्यानंतर आत्या दिवसभर कुणाशी बोलायची नाही. तिच्यावर कुणाचा जीव जडला असता तर? या एका प्रश्नावर मी लिहायला बसले. पुस्तक हातात यायला सहा वर्षं लागली.

पहिला खर्डा आठ महिन्यांत झाला. सदाशिव पेठेतला वाडा, सन १८९० ते १८९३. वाड्यातली बालविधवा सून यमू. कोकणातून शिकायला आलेला, फर्ग्युसन कॉलेजात जाणारा विनायक. त्या काळी गरीब मुलं वार लावून जेवायची, आज या घरी, उद्या त्या घरी. विनायकचा बुधवार यमूच्या वाड्यात. खर्ड्यात मी दोघांना विहिरीच्या काठावर पानंच्या पानं बोलायला लावलं होतं. सासू दुष्ट होती आणि शेवटी दोघं पळून जात होते.

एका प्रकाशकांनी हस्तलिखित अकरा महिने ठेवून घेतलं आणि दोन ओळींच्या पत्रासह परत पाठवलं. प्रेमकथा वाचनीय आहे, पण काळ कुठेच दिसत नाही. फार लागलं ते. पण आठवड्याभरानं वाचायला घेतलं तेव्हा मलाही तेच दिसलं.

मग दोन वर्षं फक्त वाचन. ग्रंथालयात बसून ‘केसरी’ आणि आगरकरांच्या ‘सुधारका’चे जुने अंक, लोकांची आत्मचरित्रं, कायद्याची पुस्तकं. विधवाविवाहाचा कायदा १८५६चा, एवढं मला शाळेपासून ठाऊक होतं. कायदा होता म्हणजे वाट मोकळी होती, असं मी धरून चालले होते. त्यातलं दुसरं कलम वाचलं आणि हात थांबला. विधवेनं पुन्हा लग्न केलं की मृत नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपणार, जणू ती त्याच वेळी मरण पावली. असं कायद्यात लिहिलेलं! यमूनं ‘हो’ म्हणायच्या आधी हे तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. ते मी विनायकच्या तोंडी घातलं. त्याला तिला फसवून न्यायचं नव्हतं.

विनायकची भीतीही तेव्हाच कळली. न्यायमूर्ती रानडे पुनर्विवाहाच्या बाजूनं उभे राहिलेले गृहस्थ, पण पहिली पत्नी गेल्यावर १८७३मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचं चाललं नाही आणि त्यांनी लहान वयाच्या कुमारिकेशी लग्न केलं. एवढ्या मोठ्या माणसाचं हे झालं, मग वारावर जेवणाऱ्या पोराची काय कथा? दुसऱ्या बाजूला धोंडो केशव कर्वे. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे, स्वतः विधुर. १८९३मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी, आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी, लग्न केलं आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. विनायकच्या वर्गात शिकवणारा माणूसच हे करतो आहे, हे लक्षात आलं तेव्हा मी रात्री दीड वाजता उठून तीन पानं लिहिली.

पण कादंबरी खरी फिरली ती सासूमुळे. वाळीत टाकणं म्हणजे काय, ते मी तोवर नुसतं शब्दानं ओळखत होते. भटजी येत नाही, पंगतीला पान मांडत नाहीत, घरात कुणी गेलं तर खांदा द्यायला माणसं मिळत नाहीत. आणि त्या घरातल्या मुली कोण करून घेणार? यमूच्या सासूला, माईंना, मी दोन उपवर मुली दिल्या. त्या दिवसापासून माई दुष्ट राहिल्याच नाहीत. त्या म्हणतात, “तुझं एकीचं सुख होईल गं, पण माझ्या दोघींना उंबऱ्याबाहेर कोण नेईल?” या प्रश्नाला यमूकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नव्हतं, आणि मी ते शोधायचं सोडून दिलं.

विहिरीवरची संभाषणं सगळी काढली. विनायक तिला ‘वहिनी’ म्हणणार आणि ती बोलणार तर वाढताना. “भात?” “पुरे.” “ताक वाढू?” तीन वर्षांचे बुधवार एवढ्याच शब्दांत लिहायचे, हे मला सर्वांत अवघड गेलं. तो एके दिवशी ‘वहिनी’ म्हणायचं टाळतो आणि ताकाचं भांडं तिच्या हातात तसंच राहतं. या एका प्रसंगाचे मी अकरा खर्डे केले.

केसांचा धागा मुंबईहून आला. १८९०मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं तिथल्या न्हाव्यांनी विधवांचं केशवपन न करण्याचा ठराव केला होता. माझ्या वाड्यात येणारा न्हावी ती बातमी ऐकून येतो आणि माईंना हात जोडतो, “हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.” दुसरा न्हावी मिळेपर्यंत यमूचे केस बोटभर वाढतात. सकेशा विधवेच्या हातचं अन्न-पाणी सोवळ्यातली माणसं घेत नसत. ती पदर कपाळापर्यंत ओढून रांधत राहते. विनायकला एका बुधवारी पदराखालचे केस दिसतात. तो काही बोलत नाही, पान पुढे करतो आणि पुन्हा भात मागून घेतो. मला त्यांचं प्रेम इथे सापडलं.

दुसऱ्या प्रकाशकांनी चार महिन्यांत होकार कळवला. संपादकबाईंनी पळून जाण्याचा शेवट बदलायला सांगितला आणि मी तो बदलला. आता यमू दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं जाते.

छपाईला जाण्याआधी आजीला यमूच्या केसांचं प्रकरण वाचून दाखवलं. तिला नीट दिसत नाही आता, पण कान शाबूत आहेत. ऐकून झाल्यावर बराच वेळ ती स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, “वैशाखात आलवणाखाली ते नवे केस टोचत असतील गं तिला.” संपादकबाईंना त्याच संध्याकाळी फोन केला. चौदावं प्रकरण आता वैशाखात, यमूच्या टोचणाऱ्या केसांपासून सुरू होतं.