टायगर मास्कच्या मागावर, टोकियोतला एक रविवार

ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे टोकियोत होतो, मधला एक रविवार पूर्ण रिकामा मिळाला, तेव्हाच ठरवलं की बाकी काही बघायचं नाही, फक्त टायगर मास्क. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इक्की काजिवारांनी लिहिलेला आणि नाओकी त्सुजींनी चितारलेला हा कुस्तीचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, १९६८ ते १९७१ चालला. वाघाचा मास्क घालून लढणारा हिरो नाओतो दाते अनाथाश्रमात वाढलेला, 'वाघाची गुहा' नावाच्या टोळीनं त्याला घडवलेलं, तिथून सुटलेल्या प्रत्येक पैलवानानं कमाईतला निम्मा वाटा टोळीला द्यायचा असा नियम, आणि हा गडी ते पैसे आश्रमातल्या पोरांवर खर्च करतो. मग काय, गुहा एकेक मारेकरी रिंगणात त्याच्यावर सोडते. जायंट बाबा आणि अँटोनियो इनोकी हे खरे जपानी पैलवानसुद्धा गोष्टीत येतात.

सकाळी इकेबुकुरोहून सेइबू लाइननं ओइझुमी-गाकुएन. स्टेशनाबाहेरच 'जो याबुकी' या मांगातल्या बॉक्सरचा ब्राँझचा पुतळा, तोही काजिवारांचाच. तिथून चालत तोएई ॲनिमेशनपर्यंत गेलो. १०५ भागांची पहिली सिरीज (१९६९ ते ७१) या स्टुडिओची. त्यात रेषा गुळगुळीत नाहीयेत, पेन्सिलचा खरखरीतपणा तसाच मशीननं सेलवर, म्हणजे ॲनिमेशनच्या पारदर्शक शीटवर, उतरवलाय, त्यामुळं वाघानं झेप घेतली की अख्खं चित्र थरथरल्यासारखं वाटतं. २०१६ ची नवी सिरीज 'टायगर मास्क डब्ल्यू' पण मी पूर्ण बघितली, आवडली, पण ती थरथर तिच्यात नाही.

दुपारी कुरामाए. इथं येण्यासाठी खरं तर मी सगळ्यात जास्त आतुर होतो. २३ एप्रिल १९८१ ला इथल्या कोकुगिकान या सुमोच्या हॉलमध्ये कॉमिकमधला वाघ खरोखर रिंगमध्ये उतरला, मास्कमागे पैलवान सातोरू सायामा, समोर ब्रिटनचा डायनामाइट किड, आणि शेवट जर्मन सुप्लेक्सनं, म्हणजे मागून कंबरेला विळखा घालून स्वतःच्या डोक्यावरून मागं आपटायचं आणि तसंच दाबून धरायचं. आता तिथं काहीच नाही. १९८४ नंतर हॉल गेला, जागेवर महापालिकेच्या सांडपाणी खात्याची इमारत आहे आणि बाजूनं सुमिदा नदी वाहते. मी कठड्याला टेकून पाऊण तास नुसता उभा होतो. मांगात नाओतो शेवटी एका पोराला ट्रकखाली जाण्यापासून वाचवताना मरतो आणि मरता मरता खिशातला मास्क पाण्यात फेकतो, का तर पोरांना कळू नये की त्यांचा वाघ मेला. नदी बघून ते पान आठवलं आणि घसा दाटून आला.

संध्याकाळी असाकुसाबाशीहून ट्रेन पकडून सुइदोबाशी, कोराकुएन हॉलमध्ये कुस्तीचा शो बघायला. हॉल पाचव्या मजल्यावर, लिफ्ट आहे पण मी मुद्दाम जिन्यानं चढलो कारण जिन्याच्या भिंतींवर फॅन लोकांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवलंय, एक वीतभर जागा मोकळी नाही.

या हॉलची अजून एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१० च्या नाताळात गुन्मा प्रांतात बालकल्याण केंद्राच्या दारात कुणीतरी १० नवी कोरी शाळेची दप्तरं ठेवून गेलं, पाठवणाऱ्याचं नाव 'नाओतो दाते'. मग जपानभर ठिकठिकाणी त्याच नावानं दप्तरं, खेळणी, पैसे येऊ लागले, लोक नाव न सांगता ठेवून जायचे. तो पहिला माणूस २०१६ च्या डिसेंबरात याच रिंगमध्ये येऊन उभा राहिला आणि म्हणाला, तो मी. कागदावरच्या माणसानं खऱ्या पोरांच्या पाठीवर दप्तर चढवलं, मला तर याहून मोठी कुस्ती माहीत नाही.

शो सुरू झाला. नाव पुकारलं की चारी बाजूंनी रंगीत कागदी फिती सुटतात, रिंग क्षणात झाकून जाते आणि लगेच खालून ज्युनियर पोरं धावत येऊन दोन्ही हातांनी फिती कवेत गोळा करून बाहेर काढतात, घंटा वाजायच्या आत. एक गुलाबी फीत दोरावर अडकून राहिली होती, शेवटच्या कुस्तीपर्यंत तिथंच लोंबत होती.