बजेट गेमिंग पीसी अपडेट: लिस्ट जवळपास फायनल, कार्डाचाही निकाल लागलाय

तर मंडळी, लिस्ट आता बऱ्यापैकी जागेवर आलीये. प्रोसेसर, बोर्ड (मदरबोर्ड), रॅम, एसएसडी आणि पॉवर सप्लाय घरात येऊन पडलेत, कार्ड (ग्राफिक्स कार्ड) कुठलं ते ठरलंय पण घ्यायचं बाकी आहे आणि कॅबिनेटवर अजून विचार चालू आहे. काय घेतलं त्यापेक्षा का घेतलं तेच जास्त लिहिते, कारण नुसती लिस्ट दुसऱ्याच्या फारशी उपयोगी पडत नाही.

सुरुवात मॉनिटरपासून केली. १०८०पी, १४४ हर्ट्झ, आयपीएस पॅनल, विषय संपला. १४४०पीचा मोह खूप होतो पण हिशोब बघा, १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल आणि १४४०पी म्हणजे जवळपास ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला कार्डावर पावणेदोन पटीहून जास्त पिक्सेल काढायचं काम पडतं, आणि त्या ताकदीचं कार्ड घ्यायचं म्हटलं की मोठा पॉवर सप्लाय आला, जास्त हवेशीर कॅबिनेट आलं, बजेट पार हाताबाहेर जातं. स्क्रीन ठरली की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात असं माझं ठाम मत झालंय.

मग कार्ड. एकूण बजेटचा सगळ्यात मोठा वाटा, साधारण ३५ ते ४० टक्के, कार्डासाठी बाजूला काढून ठेवला आणि बाकी सगळं उरलेल्यात बसवायचं ठरवलं. शर्यतीत होते आरएक्स ६६००, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीवालं व्हर्जन आणि इंटेलचं आर्क बी५८०. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं म्हणून बरेच जण तिकडे वळतात पण ते मी पहिल्याच फेरीत काढून टाकलं. ४ जीबी मेमरी, त्यात पीसीआयईच्या (कार्ड आणि प्रोसेसरमधला डेटाचा रस्ता) फक्त ४ लेन, वर व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे गेमप्ले रेकॉर्ड करायचा तर सगळा भार प्रोसेसरवर.

आता लेनचा मुद्दा जरा नीट सांगते, कारण माझी सगळी लिस्ट याच एका गोष्टीभोवती फिरली. स्लॉट १६ लेनचा दिसतो, कार्डाची पट्टीही पूर्ण लांबीची असते, पण आरएक्स ६६०० आत फक्त ८ लेन वापरतं. पीसीआयईच्या ४.० पिढीवर ८ लेन म्हणजे सेकंदाला साधारण १६ जीबी, ३.० वर तेच निम्मं, ८ जीबीच्या आसपास. कार्डाच्या मेमरीत गेमचा सगळा माल मावत असेल तोपर्यंत हा फरक जाणवतही नाही. पण टेक्स्चर अल्ट्रावर नेले आणि ८ जीबी भरली की जादाचा डेटा सिस्टिम रॅममधून याच रस्त्याने ये-जा करायला लागतो, आणि मग सरासरी एफपीएस (सेकंदाला फ्रेम) ठीकठाक दिसूनही मध्येच झटके बसतात. म्हणून कार्ड ८ लेनचं असेल तर ४.० देणारा बोर्ड हवा, आणि नुसता बोर्ड नाही तर प्रोसेसरही ४.० देणारा हवा.

इथेच एएमडीचा रायझन ५ ५५०० प्रोसेसर कटला. नावात रायझन ५ ५६०० पेक्षा शंभरच कमी, कोअर तेवढेच ६, थ्रेड १२, म्हणून वाटतं की थोडे पैसे वाचवू. पण आतली चिप वेगळी आहे, एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई ३.० वरच थांबते. म्हणजे ४.० देणारा बी५५० बोर्ड घेऊन त्यावर ५५०० लावला तर कार्डाला ३.० च मिळणार, बोर्डासाठी मोजलेले जादा पैसे वाया. कॅशचा फरक गेमिंगमध्ये दिसतोच, तो वेगळा. त्यामुळे ५६०० फिक्स. ६५ वॅट, डब्यात कूलर येतो, लोडखाली थोडा आवाज करतो पण वेगळ्या कूलरचे पैसे वाचतात.

इंटेलचा आय५ १२४००एफ पण जोरदार दावेदार होता, खरं सांगायचं तर गेमिंगमध्ये दोघांत फार काही अंतर नाही, ज्याला जो कॉम्बो स्वस्त मिळेल त्याने तो घ्यावा. मी एएम४ कडे (५६०० ज्यावर बसतो ते एएमडीचं सॉकेट) वळले ते पुढच्या अपग्रेडसाठी, उद्या ५७००एक्स३डी किंवा ५८००एक्स३डी (मोठ्या कॅशवाले प्रोसेसर) चांगल्या अवस्थेत सेकंडहँड मिळाला तर बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून याच बोर्डावर बसतो. त्याच्या पुढचं एएम५ घ्या असं सांगणारे खूप भेटतील आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर ते बरोबरही आहेत, पण तिथे डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) शिवाय पर्याय नाही आणि माझ्या हिशोबात तो सगळा फरक कार्डाच्या वाट्यातून जात होता. १०८०पीला कार्ड एक पायरी खाली आणून प्लॅटफॉर्म नवा घेणं मला पटत नाही.

बोर्ड बी५५०, मायक्रो एटीएक्स, रॅमचे ४ स्लॉट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक. वायफाय सोडून दिलं, लॅन केबल आहे. बी४५० (बी५५० च्या आधीची पिढी) घेणाऱ्यांनी एक बघून घ्या, जुन्या स्टॉकमधला बोर्ड असेल तर बायोस जुना असतो आणि ५६०० लावल्यावर स्क्रीनच येत नाही, त्यामुळे प्रोसेसरशिवाय बायोस फ्लॅश करायचं बटण मागे आहे का ते आधी बघा.

रॅम डीडीआर४, ८ जीबीच्या २ स्टिक, ३२०० सीएल१६ (पहिला आकडा वेगाचा, दुसरा विलंबाचा). एकच १६ जीबीची स्टिक घेऊ नका, ड्युअल चॅनल (दोन स्टिकमधून एकाच वेळी डेटा) जातं आणि गेममधले खालचे एफपीएस लगेच पडतात. ३६०० सीएल१८ महाग मिळत असेल तर त्याच्या मागे लागू नका, पहिल्या शब्दाची लेटन्सी दोन्हींची १० नॅनोसेकंदच येते, ३६०० ला बँडविड्थ तेवढी जास्त.

एसएसडीवर पटकन पुढे जाते. १ टीबी, एनव्हीएमई, जेन३ (पीसीआयई ३.०), टीएलसी (मेमरीच्या एका सेलमध्ये ३ बिट). जेन४ चे सेकंदाला ७००० एमबीचे आकडे बॉक्सवर छान दिसतात पण बहुतेक गेम उघडायला लागणाऱ्या वेळात फरक नगण्य असतो. फक्त क्यूएलसी (एका सेलमध्ये ४ बिट) टाळलं, ड्राइव्ह भरत आला की मोठी फाइल लिहिताना फार मंदावतो.

पॉवर सप्लायवर मात्र वेळ घालवलाच पाहिजे. हा पार्ट म्हणजे घराचा पाया, इथे कंजुषी नको. ८० प्लस ब्राँझ लिहिलंय म्हणजे चांगलाच असं नाही, तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते त्याचा. खरी माहिती बाजूच्या लेबलवर असते, तिथे १२ व्होल्टची ओळ शोधा. माझ्या ५५० वॅटवाल्यावर १२ व्होल्टला ४५ अँपिअर आहे, म्हणजे ५४० वॅट, जवळपास पूर्ण ताकद १२ व्होल्टवर मिळते. आणखी एक ५५० वॅटचाच म्हणून दाखवला गेला त्यावर ३२ अँपिअर होते, गुणाकार केला तर ३८४ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जवळपास सगळं १२ व्होल्टवरूनच खेचतात, त्यामुळे उरलेल्या वॅटांचा आपल्याला काही उपयोग नाही. आरएक्स ६६०० चं बोर्ड पॉवर १३२ वॅट, प्रोसेसर ६५ चा, ५५० मध्ये आरामात बसतं आणि पुढे थोडं मोठं कार्ड आलं तरी जागा राहते.

टेस्टिंग कॅबिनेटबाहेरच केलं, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, त्यामुळे डिस्प्लेसाठी कार्ड लागतंच, मित्राकडून जुनं जीटीएक्स १०५० टीआय आणलं, ते स्लॉटच्या ७५ वॅटवर चालतं, वेगळी केबल लागत नाही. रॅम प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा ऑन केल्यावर रॅम ट्रेनिंगमुळे स्क्रीन थोडा वेळ काळी राहते, घाबरून लगेच बटण दाबू नका. बायोस उघडला तर रॅम २१३३ वर चालत होती, जे नॉर्मल आहे, एक्सएमपी (रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी सेटिंग) ऑन करून सेव्ह केलं, रिस्टार्टनंतर ३२०० दिसले तेव्हा इतकं भारी वाटलं म्हणून सांगू! मग रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवली, एकही एरर नाही.

आता कार्डाचा निकाल. बी५८० ला १२ जीबी मेमरी आहे आणि मला ते मनापासून आवडलं होतं, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोस सेटिंग) ऑन लागतोच आणि त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, ५६०० सारख्या प्रोसेसरसोबत काही गेम्समध्ये ते त्याच्या लायकीपेक्षा खाली येतं. ज्यांचा प्रोसेसर नवा आहे त्यांनी जरूर विचार करावा. ३०६० ला १६ लेन आणि १२ जीबी, ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) वगैरे करणाऱ्यांना तेच योग्य, पण नुसत्या गेमिंगला मला नवीन ६६०० पैसे वसूल वाटतं. टेक्स्चर एक पायरी खाली ठेवायची माझी तयारी आहे. ३०६० सेकंडहँड बघणाऱ्यांनी ८ जीबीचं व्हर्जन गळ्यात पडत नाहीये ना ते तपासा, त्यात मेमरी बसही (चिप आणि मेमरीमधला रस्ता) १९२ ऐवजी १२८ बिटची आहे. आणि समोर बसून किमान अर्धा तास लोड टेस्ट चालवून बघा, पंखे खरखरतात का, स्क्रीनवर रंगीत ठिपके येतात का, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि जीपीयू टेंपरेचरमध्ये फार अंतर पडतंय का.

कॅबिनेटमध्ये दोन उरलेत, दोन्ही समोरून जाळीचे. एकात १२० एमएमचे ३ पंखे आधीच लावून येतात पण बोर्डामागे केबल दाबायला जागा कमी, दुसऱ्यात जागा भरपूर पण पंखा एकच. माझा कल पहिल्याकडे आहे, फक्त माझ्या पॉवर सप्लायची ८ पिनची सीपीयू केबल बोर्डामागून वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचते का ते टेपने मोजून बघायचंय. कार्ड आलं की स्टॉक आणि अंडरव्होल्ट (व्होल्टेज कमी करून) दोन्हीचे टेंपरेचर आणि १ टक्का लो (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचे एफपीएस) टाकते.