डाव्या हाताची करंगळी

जुलैच्या शेवटी मदुरा बेटावरच्या एका गावात जे घडलं, त्याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही. ऑफिसात तो विषय केव्हाच मिटला. माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

मी इंडोनेशियात, सुराबायाला राहते. नवरा कापड उद्योगात, त्याच्या नोकरीपायी इथे आलो. मी डॉक्टर नाही. सार्वजनिक आरोग्य शिकले, भाषा इथे येऊन शिकले आणि आता इथल्या एका मेडिकल कॉलेजात परदेशातून येणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची व्यवस्था बघते. ही देवाणघेवाण मुळात विद्यार्थ्यांनीच उभी केलेली आहे. आयएफएमएसए ही वैद्यकीय विद्यार्थ्यांची जागतिक संघटना १९५१ साली कोपनहेगनमध्ये स्थापन झाली. इंडोनेशियात तिचं काम सिम्सा ही संघटना करते. आमचा एक विद्यार्थी तिकडे जातो, तिकडचा एक इकडे येतो, मुक्काम चार आठवडे. राहायची सोय आणि दिवसाचं एक जेवण यजमानांकडे. लोकांना वाटतं हे सगळं कॉलेज करतं. खरं राबतात ती आमची विशीतली पोरं. रात्री एक वाजता जुआंडा विमानतळावर पाहुण्याला आणायला गेलेली मुलगी सकाळी आठला परीक्षेला बसलेली मी पाहिली आहे. तिला याचे ना पैसे मिळतात, ना मार्क.

माझ्या वाट्याला कागद येतात. आमंत्रणाचं पत्र, लसींचे दाखले, विमा, आणि व्हिसा योग्य प्रकारचा आहे ना हे बघणं, कारण पर्यटक म्हणून आलेल्याला आम्ही वॉर्डात पाऊल टाकू देत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना बसवून सगळं समजावून सांगते, आणि त्या बोलण्याचा मला अभिमान आहे. डाव्या हाताने कुणाला काही देऊ नका. वडीलधाऱ्यांच्या समोरून जाताना थोडं वाकून, उजवा हात खाली धरून, ‘पर्मिसी’ म्हणत जा. खांदे झाका. कुणाचं मूल उचलून फोटो काढू नका. तुम्ही बघायला आला आहात. पेशंटला हात लावायचा तो सोबतच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच.

हॉस्पिटलमधल्या राऊंडला त्यांना फारसं काही मिळत नाही, हे मी उघडपणे म्हणते. आमचे मोठे डॉक्टर पहिली पाच मिनिटं इंग्रजीत बोलतात, मग गाडी आपसूक इंडोनेशियनवर येते. पाहुणे भिंतीला टेकून उभे. ‘कोआस’, म्हणजे वॉर्डात शिकणारी आमची शेवटच्या टप्प्यातली मुलं, भाषांतर करू बघतात, पण सीनियरसमोर कुजबुजायचीही त्यांना भीती. म्हणून मी हट्ट धरून प्रत्येक तुकडीचा एक दिवस पोस्यांदूसाठी राखून घेतला.

पोस्यांदू म्हणजे आया-बाळांच्या तपासणीचा दिवस. तो महिन्यातून एकदा गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर भरतो. तो चालवणाऱ्या बाया, ‘कादेर’, गावातल्याच. आपल्या अंगणवाडीताई आणि आशाताई मिळून जे करतात त्यातलं बरंचसं काम त्या करतात, तेही जवळजवळ फुकट. पाच टेबलं मांडलेली असतात: नाव लिहायचं, वजन करायचं, ते कार्डावर टिंबाने मांडायचं, आईशी बोलायचं, आणि शेवटी लस-औषध. वाशाला दांडीचा काटा टांगलेला असतो, त्याला कापडी झोळीत मूल लटकवतात, मूल किंचाळतं, कादेर दांडीवरचं वजन बोटाने सरकवत आकडा ओरडते. कार्डावरची रेघ सलग दोन महिने वर चढली नाही तर त्या आईला चौथ्या टेबलावर जास्त वेळ बसवतात. सरकारी आरोग्य केंद्राची, म्हणजे पुस्केस्मासची, सुईण शेवटच्या टेबलावर. तिला इथे बिदान म्हणतात. पाहुण्यांना चार आठवड्यांत जेवढं वैद्यक दिसत नाही तेवढं या ओसरीवर एका सकाळी दिसतं.

त्या दिवशी आम्ही सुरामादू पूल ओलांडून मदुराला गेलो. २००९ साली हा साडेपाच किलोमीटरचा पूल झाल्यापासून बेट शहराला जोडलं गेलं, पण पूल संपल्यावर तासभर आत गेलं की बायाबापड्या फक्त मदुरी बोलतात. सोबत पोलंडचा एक मुलगा, इटलीच्या दोघी, आणि विदर्भातल्या एका कॉलेजची मुलगी. तिच्याशी मी मराठीत बोलायचे, ती मला ताई म्हणायची. पहिले काही दिवस इतरांच्या मानाने ती गप्पच वाटली होती.

वजनं उरकल्यावर मुलांसाठी खाऊ निघाला: हिरव्या मुगाची, नारळाच्या दुधातली, गुळाची पेज. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं चुलीवरून ओसरीवर आणायचं होतं. दोघी बाया पुढे झाल्या. त्यातली एक पंचविशीची असेल, घरच्या गाऊनवर डोक्याला ओढणी, तिचं दीड वर्षाचं मूल सासूकडे. दोघींनी फडकी घेतली होती. चालताना हिच्या डाव्या हातातलं फडकं सरकलं आणि तळव्याची करंगळीकडची कड थेट पातेल्याला टेकली. तिने हात काढला नाही. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पातेलं नीट खाली ठेवलं, फडकं झटकलं, आणि मुलाला घ्यायला गेली.

हे मी पाहिलं नाही. विदर्भातल्या त्या मुलीने पाहिलं. ती काट्यापाशी माझ्याजवळ आली, आवाज न चढवता म्हणाली, “ताई, त्या हिरव्या ओढणीवाल्या बाईची डावी करंगळी पाहा ना. अंगठ्याजवळचं मांसही बसलंय. कोपराच्या वर चट्टा आहे, फिक्कट. तिला चटका समजलाच नाही.”

मराठीत बोलल्यामुळे त्या ओसरीवर दुसऱ्या कुणाला काही कळलं नाही. मी हळूच पाहिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरा आत वळलेलं, आणि करंगळीच्या मुळाशी जुन्या भाजल्याचा चकचकीत डाग.

कुष्ठरोग. स्पर्श कळवणाऱ्या आणि बोटं हलवणाऱ्या नसाच तो निकामी करतो. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांत भारत पहिला, ब्राझील दुसरा, इंडोनेशिया तिसरा. इंडोनेशियाने २००० साली आणि भारताने २००५ साली राष्ट्रीय पातळीवर ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर केलं. त्याचा अर्थ दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण एवढाच होता, पण लोकांनी रोग गेला असं ऐकलं आणि शिकवणाऱ्यांचंही लक्ष उडालं. ही मुलगी मात्र वरोऱ्याचं आनंदवन आणि अमरावतीचं तपोवन ज्या भागात आहे तिथली. कुष्ठरोग शोध मोहिमेत ती आशाताईंच्या मागे दारोदार हिंडली होती. चट्टा कसा बघायचा, कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांखाली दोरीसारखी लागते का, हे तिने पुस्तकाबाहेर शिकलेलं होतं.

मी बिदानला बाजूला घेऊन सांगितलं. तिने तो चट्टा आधी पाहिला होता, ‘पानू’ समजली होती. पानू म्हणजे शिबं. या दमट हवेत निम्म्या गावाच्या अंगावर असतात, दुकानातलं मलम लावायचं आणि विसरायचं. तिला मी दोष देत नाही. महिन्याच्या एका सकाळी तिला पन्नास गोष्टी बघायच्या असतात.

इथवर सगळं नीट होतं. पुस्केस्मासच्या तरुण डॉक्टरने त्या बाईला आतल्या खोलीत नेलं, पडदा ओढला, डोळे मिटायला सांगून कापसाची वात फिरवली. पण पडद्यामागे पोलंडचा मुलगा गेला, त्याच्यामागे इटलीची एक. वॉर्डात डॉक्टर पडद्याआड गेले की विद्यार्थ्यांनी मागोमाग जायचं, हेच त्यांना जगभर शिकवलेलं असतं. मी त्यांना बाहेर बोलावेपर्यंत एक कादेर फोन घेऊन आत शिरली होती. इथे आरोग्य खात्याचा कुठलाही कार्यक्रम फोटोशिवाय झालेला धरला जात नाही. रजिस्टर कोरं चालेल, ‘दोकुमेंतासी’ हवीच. खुर्चीवर ती बाई, उघडा दंड, आणि तिच्याभोवती दोन गोरे विद्यार्थी: असा फोटो पाच मिनिटांत गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला. खाली मजकूर, आमच्या गावकऱ्यांना परदेशी डॉक्टर तपासताना. कादेरच्या मनात पाप नव्हतं, तिला गावाचा अभिमान वाटला होता. बिदानने सांगताच तिने तो काढलाही. तोवर ज्यांनी बघायचा त्यांनी बघितला होता.

डॉक्टरने रोगाचं नाव तिथे उच्चारलं नाही, ते योग्यच. उद्या केंद्रावर या, एवढंच सांगितलं. ती आली नाही. परवाही नाही.

मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “मी जाते तिच्या घरी, तुम्ही चला.” मी नाही म्हटलं. “आमच्याकडे आम्ही घरी जातोच की,” ती म्हणाली. तिकडे तू त्या गावची पोर आहेस, सोबत आशाताई आहे, तुझ्या येण्याला दहा कारणं असू शकतात. इथे परदेशी मुलगी कुणाच्या दारात उभी राहिली की गल्ली गोळा होते. फोटोने जे अर्धवट कळवलं होतं ते आपण पूर्ण कळवू. तिला हे पटलं नाही. “आणि नस?” तिने विचारलं. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर प्रेडनिसोलोन देऊन हाताची ताकद परत यायची बरीच आशा असते. त्यानंतर बोटं तशीच राहण्याची भीती. आम्ही गप्प बसलो तेवढे दिवस त्या बाईच्या बोटांच्या हिशेबातून जात होते.

केंद्रावर कुष्ठरोगाचं काम निवृत्तीला टेकलेले एक परिचारक बघतात. इथे मोठ्या माणसाला आदराने ‘पाक’ आणि बाईला ‘बू’ म्हणतात, तसे ते सगळ्यांचे पाक. मी त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “बू, आत्ता गेलो तर सगळ्यांना कळेल मी का आलो. ऑगस्ट येऊ द्या.” मला राग आला होता. पण इंडोनेशियात फेब्रुवारी आणि ऑगस्ट हे जीवनसत्त्व अ देण्याचे महिने. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला निळी कॅप्सूल, वर्षावरच्या मुलांना लाल. जी मुलं राहिली त्यांच्या घरी जाऊन द्यायची पद्धत आहे. ऑगस्ट लागल्यावर पाक मोटरसायकलवरून त्या वस्तीत गेले, घरोघर लाल-निळ्या कॅप्सूल वाटत. तिच्या घरी थोडं जास्त बसले, इतकंच.

तीन चट्टे, कोपरापाशी एक नस जाड. करंगळी बाहेर काढायला लावली तर त्यांनी बोटाने नुसतं दाबताच ती आत येत होती. बोटं कधीपासून वळली? लेबारान, म्हणजे ईदनंतर. अजून सहा महिने झाले नव्हते. पाचापर्यंत चट्टे, म्हणून सहा महिन्यांचे उपचार. दर अठ्ठावीस दिवसांनी पहिला डोस पाकांच्या डोळ्यांसमोर, बाकीच्या गोळ्या घरी. शिवाय प्रेडनिसोलोन. सासऱ्यांच्या पायाची बोटं झडलेली होती. त्यांचे उपचार कधीकाळी झाले होते आणि घरात त्यावर कुणी बोलत नव्हतं. घरातल्या बाकीच्यांना तपासून, त्यांना रोग होऊ नये म्हणून रिफाम्पिसिनचा एकेक डोस दिला. दोन वर्षांखालच्या मुलाला तो देत नाहीत, म्हणून दीड वर्षाच्या पोरावर नुसती नजर ठेवायची.

विदर्भातली मुलगी तोवर परत गेली होती. मी तिला सगळं कळवलं. तिचा पहिला प्रश्न मुलाबद्दल होता, दुसरा करंगळीबद्दल. पहिल्याचं उत्तर पाक दर महिन्याला पाठवतात: मुलाच्या अंगावर काही नाही, वजन वाढतं आहे. दुसऱ्याचं अजून ठाम सांगता येत नाही. पकड थोडी सुधारली आहे.

पाकांनी आणखी एक सांगितलं. ती बाई औषधं नेमाने घेते, पण प्रत्येक पोस्यांदूच्या आधी एकच चौकशी करते: परदेशी डॉक्टर येणार आहेत का? येणार असतील तर मूल सासूबरोबर पाठवते, स्वतः येत नाही.

ती मुलगी आली नसती तर ती करंगळी त्या ओसरीवर कुणी पाहिली नसती, याची मला खात्री आहे. आणि आमचे पाहुणे आले नसते तर तो फोटो निघाला नसता, याचीही. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी, एकाच गाडीतून उतरलेल्या माणसांमुळे झाल्या. कोणती जड, हे मला ठरवता येत नाही. फोटो काढण्याची ही सवय मात्र मला निखालस चुकीची वाटते, आणि तिचं मूळ गावातल्या कादेरपाशी नाही, तो मागणाऱ्या वरच्या टेबलांपाशी आहे.

कारण ऑक्टोबरात पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकाचा कच्चा नमुना माझ्याकडे आला, तेव्हा मुखपृष्ठावर तोच फोटो होता. खुर्ची, पडदा, दोन गोरे विद्यार्थी, तिचा दंड. कुणीतरी तो काढून टाकण्याआधीच जपून ठेवला होता. मी त्यावर आडवी रेघ मारली. “चेहरा कुठे नीट दिसतोय?” असं मला विचारलं गेलं. चट्टा दिसतो, मी म्हटलं.

तो फोटो आता बदलला आहे. पुढच्या तुकडीसाठी मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत: पोस्यांदूला एका वेळी दोनच पाहुणे, त्यातला एक शक्यतो कुष्ठरोग पाहिलेल्या देशातला, आणि फोटो काढायचाच तर आया यायच्या आधी, रिकाम्या ओसरीचा. पहिली मान्य झाली. दुसरीवर, रिकाम्या ओसरीच्या फोटोने मूल्यांकन समितीला काय दाखवायचं, असं उत्तर आलं आहे. मी ते कागद परत पाठवले आहेत, सही न करता.